मेन आणि बॅटरीच्या मध्ये

आमच्या घरामागच्या वाडीतल्या टिनाच्या शेडला मी अलार्म बसवला, तो बाजूच्या गल्लीतून कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली म्हणून. आमच्या शेडमध्ये मोटर नाही. दोन फावडी, एक घमेलं, खताचं अर्धं पोतं आणि जयाने टाकू न दिलेला कूलर आहे. पण सिंदेवाहीच्या कॉलेजात वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने नुसत्या कुलपावर विसंबणं बरं दिसत नाही.

रचना सोपी होती. दाराला चुंबकी स्विच, आत भोंगा. लाइन असली की तो अ‍ॅडाप्टरवर चालणार. गेली की रिले 'टक्' करून त्याला बारा व्होल्टच्या बॅटरीवर नेणार. त्या 'टक्'मध्ये सेकंदाचा शंभरावा हिस्सा असा असतो, की भोंग्याला मेनही नाही आणि बॅटरीही नाही. ही फट दुर्लक्ष करण्याजोगी असते, असं मी मुलांना दरवर्षी सांगतो.

एप्रिलात आमच्याकडे दुपारी दोनला लाइन जाते. पहिल्याच दुपारी ती गेली, टक् झालं आणि भोंगा बोंबलला. कुलूप जागेवर, दार बंद. आतून काही गेलेलं नव्हतं. घमेल्यात एक विळा जास्त होता.

"हा तं माहाच विळा आहे," जया म्हणाली. "मुठीले सुतळी मीच गुंडाळली होती. तीन वर्सं झाले हरवून."

मी वायरिंग तपासलं. ते उत्तम होतं.

दुसऱ्या दुपारी शेजारच्या बुधरीबाईंचा हरवलेला पाण्याचा पितळी गडवा आला. तो भावजयीनेच लांबवला असं धरून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. गडवा कडेवर घेऊन त्या तशाच भावजयीकडे गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत दोघींचं हसणं आमच्या ओसरीवर ऐकू येत होतं. तिसऱ्या दुपारी मी मेन स्विच हाताने पाडून पाहिला. टक् झालं, भोंगा गप्प, शेड जसंच्या तसं. त्याला अस्सल, आपल्या मनाने गेलेली लाइनच लागत होती.

आठवड्याभरात पावणेदोनलाच आमची वाडी भरू लागली. कुणी ढोलकी आणायचं, कुणी चिवडा. दोनला पंखे थांबले की टाळ्या पडायच्या. लाइन गेल्यावर टाळ्या वाजवणारी वस्ती दुसरीकडे असल्यास कळवावं.

दाराशी सगळ्यात पुढे बसायचे ते बापूजी. सत्तरीचे, समोरच्याच तलावात हयात घालवलेले मासेमार. फेकायचं जाळं त्यांच्या बायकोने, रंभाबाईंनी, स्वतः विणलेलं होतं. बाई गेल्या, आणि गेल्या पावसाळ्यात तलाव सांडव्यावरून वाहिला तेव्हा जाळंही गेलं. त्यानंतर बापूजी पाण्यात उतरले नव्हते. विकतचं जाळं हाताले ऐकत नाही, म्हणायचे.

मी कपॅसिटर आणला. तो लावला की मधली फट बुजते. बापूजींना हे कुणीतरी सांगितलं.

"बुजवा नं, मास्तर. मले काई म्हणाचं नाई. पण माहं जाळं आल्यावर बुजवा."

"बापूजी, हा बिघाड आहे."

"असन. रंभाही म्हणे, माह्यात बिघाड आहे. पण चालवलं नं तिनं चाळीस वर्सं!"

सगळे हसले. जया सगळ्यात जास्त हसली, त्यामुळे मी एका दिवसाची मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले, लाइन गेली नाही. सव्वादोन झाले. लाइन जात नाही म्हणून लोक खात्याला शिव्या देताना मी पहिल्यांदाच ऐकले. बापूजी दाराकडे बघत बसले होते.

"काऊन जी, आजच बरी नाई जात?" बुधरीबाई कुरकुरल्या. सकाळपासून त्या कमरेला गुलालाची पुडी खोचून होत्या.

दोन चाळीसला पंखा थांबला.

टक्.

जाळं कूलरवर पसरलेलं होतं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

बापूजींनी एकेक गाठ चाचपली. "तिचीच," ते म्हणाले, आणि रडता रडता हसायला लागले. ढोलकी कडाडली. बुधरीबाईंनी पुडी त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यावर रिकामी केली.

"चला, आत्ताच टाकतो! सांजच्याले सगळे माह्या घरी जेवाले!"

वाडी नाचत नाचत तलावाकडे गेली. मी कपॅसिटर लावायला मागे राहिलो.

कूलरखाली जाळ्याच्या पाण्याचं थारोळं साचलं होतं. त्यात पिळा पडलेला एक कपडा होता. मी तो उलगडला. पुरुषी दुपट्टा, चौकड्यांचा, शेवाळलेला. खांद्याच्या जागी, धुऊन फिका पडलेला गुलाल.

मी पळत तलावाच्या पाळीवर गेलो.

"बापूजी!"

ते वळले. खांद्यावर चौकड्यांचा दुपट्टा होता, कोरडा. त्यावरचा गुलाल अजून लालभडक होता. जाळं दोन्ही हातांनी उंच धरून त्यांनी मला दाखवलं, आणि हसत हसत पाण्यात उतरले.