कुंदुज बिश्केकला आली

कुंदुजला काय काय दाखवायचं, यावरून जायना आणि इसेन या बहीणभावाचं शनिवारी सकाळीच वाजलं. इसेनला आकाशपाळण्यात बसायचं होतं. जायना म्हणत होती, आधी मोठ्या चौकात जाऊ, तिथे झेंड्याखालचे सैनिक बदलतात ते बघू. खरं म्हणजे बिश्केक शहर दोघांनाही धड माहीत नव्हतं. नारीनच्या डोंगरातलं गाव सोडून त्यांना जेमतेम एक उन्हाळा झाला होता. तेवढ्यात त्यांनी पाहिलं होतं काय, तर शाळा, ओश बाजार आणि आई ज्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करायची, त्याचं मागचं दार.

कुंदुज गावाकडच्या शाळेत जायनाच्या बाकावर बसायची. तिचे आईवडील कामासाठी रशियात होते आणि ती लहानपणापासून आजोबांकडेच वाढली होती. त्यांना ती अता म्हणायची. शरदाची सुट्टी लागली तसा तिचा बोलोतकाका तिला गाडीतून घेऊन आला आणि लगेच गावी परतायचंय म्हणून दारातूनच निघाला. चहा नाही, पाणी नाही, पुढे केलेल्या भाकरीचा तुकडासुद्धा त्याने मोडला नाही. असं कुणी करत नाही. जायनाला ते खटकलं, पण मैत्रीण आल्याच्या आनंदात ती विसरून गेली.

कामावर जाताना आईने बजावलं, "तिला भरपूर फिरवा. बागेत जा, आइसक्रीम खा. इस्पितळाकडे मात्र फिरकू नका, तिकडे तापाची साथ आहे." जोडे घालताना तिने हेच पुन्हा सांगितलं आणि जिन्यावरून खाली गेल्यावर वर बघून आणखी एकदा.

मग तिघं निघाली. इसेनने मोठ्या रुबाबात बस निवडली आणि ती त्यांना भलत्याच टोकाला घेऊन गेली. परत येताना जायनाने त्याला 'शहराचा राजा' म्हणून चिडवलं, त्याने तिची वेणी ओढली. कुंदुज हसली, पण उशिरा, दोघं हसताहेत हे लक्षात आल्यावर. चौकात ती सैनिकांकडे बघत होती आणि बघतही नव्हती. आइसक्रीम तिच्या हातावर वितळत राहिलं.

आकाशपाळणा वर जाऊन थांबला. खाली पिवळी झालेली झाडं, घरांची छपरं, आणि दक्षिणेला बर्फाचे डोंगर. कुंदुज डोंगरांकडे बघत म्हणाली, "अता तिकडे नाहीयेत."

जायनाने विचारलं, म्हणजे काय? तेव्हा कुंदुजने सगळं सांगितलं. बुधवारी ती शाळेतून आली तर अता घरात नव्हते. काका म्हणाला, वर कुरणात राहिलेले घोडे आणायला गेलेत, तिथे फोन लागत नाही. पण घोडे तर केव्हाच खाली आले होते. आणि काल गाडीत बसताना तिने पाहिलं, अतांचा करडा घोडा अंगणातच बांधलेला होता. दुसऱ्या कुठल्या घोड्यावर अता बसत नाहीत.

"मग काकाला विचारलं का नाहीस?" इसेन म्हणाला.

"विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं," कुंदुज म्हणाली. "मला भीती वाटली."

पाळणा खाली यायला लागला. इसेन बोटं मोडत विचार करत होता. शेवटी तो म्हणाला, "आईने आपल्याला इस्पितळाकडे जाऊ नका असं तीनदा का सांगितलं? एरवी तर डबा विसरली की मलाच पळवते. साथबिथ काही नाही. आज सकाळी तिने थर्मासमध्ये मटणाचा रस्सा भरला. कुणासाठी?"

जायनाने कुंदुजकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "रडायचं नंतर," जायना म्हणाली. "आधी जाऊ."

इस्पितळाच्या आवारात, भिंतीच्या आडोशाला बोलोतकाकाची हिरवी गाडी उभी होती. तो गावी गेलाच नव्हता.

मागच्या दारावर पहारेकरी फोनवर बुद्धिबळ खेळत बसला होता. लहान मुलांना आत सोडत नाहीत, हे जायनाला ठाऊक होतं. तिने इसेनला नुसता डोळा घातला. इसेन पोट धरून दारातच आडवा झाला आणि असा विव्हळू लागला की क्षणभर जायनालाच खरं वाटलं. माझी आई इथे स्वयंपाकघरात आहे, तिला बोलवा, असा त्याने धोशा लावला. पहारेकरी वैतागून उठला आणि आईला शोधायला आत गेला. त्याच्या मागोमाग दोघी मुली जिन्याने वर सटकल्या.

दुसऱ्या मजल्यावर बाकावर बोलोतकाका बसल्या बसल्या झोपला होता. त्याच्या मांडीवर पांढरी, काळ्या काठाची, लोकर दाबून केलेल्या नमद्याची टोपी होती. ती कुणाची हे जायनालासुद्धा कळलं. त्या टोपीशिवाय अता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत.

कुंदुजने समोरचं दार ढकललं.

अता खाटेवर इतके लहान दिसत होते की ती दारातच थबकली. नाकाला नळी होती. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आलीस? मला म्हणाले, तू शाळेच्या सहलीला गेलीयस."

"मला म्हणाले, तुम्ही कुरणात गेलायत."

अतांना हसू आलं, मग खोकला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "बस इथे. या शहरात आल्यापासून मी फक्त हे छत बघतोय. तू काय काय पाहिलंस ते सांग."

आणि कुंदुजने सांगितलं. चुकलेली बस, चौकातले सैनिक, आइसक्रीम, सगळं. जे तिने नीट पाहिलंच नव्हतं, तेही तिने आठवून आठवून रंगवलं. आकाशपाळणा किती उंच जातो, असं अतांनी विचारलं. आपल्या खिंडीएवढा का? तेवढा नाही, पण डोंगर दिसतात, ती म्हणाली. ते डोळे मिटून ऐकत होते. तिचा हात त्यांनी सोडला नाही.

एवढ्यात इसेनचा कान धरून आई वर आली आणि दारातच थांबली. बोलोतकाकाही जागा झाला होता. तो ओरडणार, तोच आईने त्याला हाताने अडवलं. आत अता सांगत होते, "घाबरू नकोस. मी जाणार आहे, हे तुला मीच सांगायला हवं होतं. या लोकांना वाटलं तू लहान आहेस. तू लहान नाहीस, कुंदुज. घरचं तुलाच बघायचंय, आणि या बोलोतकडेसुद्धा."

रविवारी कुणी फिरायला गेलं नाही. कुंदुज दिवसभर खाटेपाशी बसली. जायनाने खिडकी उघडून दिली, इसेनने अतांना पहारेकऱ्याची नक्कल करून दाखवली. सोमवारी सकाळी ऊन खोलीत आलं, तेव्हा अता गेले होते.

गावात अतांच्या अंगणात नमद्याच्या भिंतींचा गोल तंबू उभारला. रीतीप्रमाणे पुरुष बाहेर काठीवर भार देऊन उभे राहून मोठ्याने रडत होते, येणाऱ्यांच्या गळ्यात पडत होते. आतून बायकांचं शोकगीत ऐकू येत होतं. त्या गर्दीत बोलोतकाकाने जायना आणि इसेनला जवळ बोलावलं. गावातली वडीलधारी माणसं तिथेच उभी होती.

"आम्ही कुंदुजपासून लपवलं," तो त्या वडीलधाऱ्यांना म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "या पोरांनी ऐकलं नाही म्हणून बापाचं मन शांत झालं. नाहीतर तो दाराकडे बघत गेला असता, आणि मी बाहेर झोपलेला असतो."

एका म्हाताऱ्याने इसेनच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आशीर्वाद दिला. इसेनने मान खाली घातली. शाबासकी मिळाल्यावर काय करायचं असतं, ते त्याला आठवेना.

जायना तंबूत शिरली. बायकांच्या रांगेत कुंदुज भिंतीकडे तोंड करून बसली होती, सगळ्यांत लहान. तिला शोकगीत येत नव्हतं. ती आपल्याच शब्दांत अतांना हाका मारत होती आणि शेजारच्या बायका स्वतःचं गाणं थांबवून तिचं ऐकत होत्या. जायना तिच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसली. कुंदुजने वळून पाहिलं नाही, फक्त थोडी सरकून तिला जागा करून दिली.