प्रवासास योग्य

त्या दुपारी ट्युनिसजवळच्या सिदी बू सईदच्या चढावर शंभर माणसं होती, पण डोकं ठिकाणावर होतं ते आपल्या एकटीचंच, असं एमना पुढे सगळ्यांना सांगायची. रजेचा दिवस होता. हातात गरम बंबालूनी, म्हणजे तेलात तळून साखरेत घोळवलेलं कडं, ओठांवर त्याचीच साखर… आणि समोर साठीची एक बाई निळ्या दाराला पाठ लावून हळूहळू खाली घसरत होती.

बघता बघता गर्दी जमली. कुणी संत्र्याच्या फुलांचं पाणी आणलं, कुणी हुंगायला कांदा आणला. एका म्हाताऱ्याने नजर लागल्याचा निकालही देऊन टाकला. बाईचा मुलगा गुडघ्यांवर बसून "उम्मी… उम्मी…" करत होता. उंच, सावळा, आणि उजव्या कानावर मोगऱ्याच्या कळ्यांचा गुच्छ. उजव्या कानावर, म्हणजे माणूस कुणाचा तरी झालेला आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. डावा कान असता, म्हणजे माणूस मोकळा असता, तर गोष्ट वेगळी होती.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावतच एमना गर्दीत घुसली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "विमा आहे का?"

मुलाने मान वर केली. "माझी आई पडलीय इथे. आणि तुम्ही विमा विकताय?"

"विकत नाहीये हो, आहे का ते विचारतेय. पाकिटात कार्ड असेल, काढा. आणि काका, तो कांदा आधी लांब करा!"

कार्ड निघालं, आणि हसावं की रडावं हेच एमनाला कळेना. कार्डावर तिच्याच कंपनीचं नाव होतं. जहाजावरचे प्रवासी आजारी पडले, धडपडले, किंवा जहाज सुटल्याने काठावर राहिले, की ला गुलेत बंदराजवळच्या दोन खोल्यांच्या कचेरीत जिचा फोन वाजायचा, ती मुलगी हीच.

"भरती करायच्या आधी कंपनीला कळवावं लागतं," ती म्हणाली. "नाहीतर नंतर दहा खुसपटं काढतात. पण कळवलंत असं समजा. मीच कंपनी."

"तुम्ही?" त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "कंपनीच्या ओठांवर साखर आहे."

एमनाने ओठ पुसले. कान मात्र लाल झाले, ते काही पुसता आले नाहीत.

उन्हाचा झटका होता, त्यात हृदयाचे ठोकेही बिघडलेले. बाईंना, मन्नूबिया खालतींना, ला गुलेतच्या दवाखान्यात अतिदक्षतेच्या काचेच्या खोलीत ठेवलं. खालती म्हणजे मावशी; ला गुलेतमध्ये वयाने मोठी झालेली प्रत्येक बाई सगळ्यांची खालतीच असते. तीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागून फ्रान्समधल्या मार्सेयला गेलेली ही बाई जन्मली होती ला गुलेतच्याच गल्लीत. मुलाने, स्कंदरने, पैसे साठवून तिला जहाजाची सफर घडवली होती आणि सफरीतला ट्युनिसचा एक दिवस तिने बोटांवर मोजत आणला होता.

संध्याकाळी जहाज त्यांना न घेताच निघालं. स्कंदर दवाखान्याच्या खिडकीतून बघत राहिला. एमनाने जहाजवाल्यांकडून दाखला घेतला होता आणि दोघांच्या बॅगा उतरवून आणल्या होत्या.

"घाबरू नका," ती म्हणाली. "काठावर उतरल्यावर आजार आला तरी सफर चालूच धरतात. दवाखाना, तुमचं राहणं, आई बरी झाली की दोघांचं घरापर्यंतचं तिकीट, सगळं विम्यात बसतं. फक्त एक गोष्ट बसत नाही."

"कोणती?"

"खोटं. एक जरी खोटं निघालं ना, तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं रद्द. ही काचेची खोलीसुद्धा. मग घर विकलंत तरी पुरणार नाही."

"माझं घर भाड्याचं आहे," स्कंदर म्हणाला.

तो मार्सेयमध्ये लिफ्ट दुरुस्त करायचा. हे एमनाला कळलं ते दवाखान्याच्या लिफ्टने तिला दोन मजल्यांच्या मधोमध लटकावलं तेव्हा. अंधार, उकाडा… ती दारावर थापा मारायला लागली. तेवढ्यात दाराच्या फटीतून स्कंदरचा आवाज आला, बाईमाणसासाठीचं मानाचं 'लाल्ला' लावून.

"लाल्ला एमना, आत तुम्हीच ना?"

"मला इथून बाहेर काढा!" तिचा आवाज चिरकला.

"काढतो. पण बोलत राहा. अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. काहीही विचारा."

एमनाने डोळे मिटले. काहीही म्हणजे काहीही… "बायको मार्सेयलाच असते का तुमची?"

पान्याचा आवाज थांबला. "कुणाची बायको?"

"उजव्या कानावर मोगरा होता ना…"

"तो होय! तो आईने खोचला. जहाजावर एक इटालियन विधवा मला रोज नाश्त्याला हाक मारत होती. आई म्हणाली, उजव्या कानावर लाव, बला टळेल." तो हसला. "त्या बाईला काय कळणार उजवं-डावं! तिने त्या दिवशी दोनदा हाक मारली."

दार उघडलं तेव्हा एमना हसत होती. हात धरून बाहेर काढल्यावर स्कंदरला हात सोडायचं लक्षात राहिलं नाही, आणि एमनानेही आठवण करून दिली नाही.

मग रोजचंच झालं. ती संध्याकाळी तब्येतीची चौकशी करायला यायची. कंपनीला चौकशी हवीच असते, त्यात तिचा काय दोष? चौकशी संपली की दोघं बंदराच्या भिंतीवर बसून ब्रीक, म्हणजे आत अंडं घालून तळलेली पातळ पारी, खायचे. आतलं अंडं फुटून स्कंदरच्या मनगटावर ओघळायचं आणि ती म्हणायची, "मार्सेयने बिघडवलं तुम्हाला, साधं ब्रीक खाता येत नाही." तो म्हणायचा, "शिकवा की." समुद्रावरून खारा वारा यायचा, तिच्या केसांची बट त्याच्या खांद्याला लागायची…

एकदा त्याने विचारलंच. "एमना, तुम्ही रोज येता ते—"

"नको," ती घाईने म्हणाली. "आत्ता काही विचारू नका."

तिचे साहेब, सी तौफिक, तिला आदल्याच दिवशी बजावून बसले होते. "पोरी, मला डोळे आहेत. पण क्लेम बघणाऱ्या मुलीचं मन क्लेम मागणाऱ्यात अडकलंय असं वर कळलं, तर तू लिहिलेल्या एका अक्षरावर कुणी विश्वास ठेवणार नाही. त्या बाईचा एक दिनार सुटणार नाही. फाइल बंद होईतो तोंडाला कुलूप लाव."

हे तिने स्कंदरला सांगितलं. सांगताना डोळे समुद्राकडे ठेवले.

"आणि फाइल बंद कधी होते?" त्याने विचारलं.

"तुम्ही बोटीत बसून गेलात की."



डॉक्टर हाजरने खालतींना तपासून सांगितलं, रुग्ण प्रवासास योग्य. एमनाने मार्सेयच्या बोटीची दोन तिकिटं काढली, सोबत जाणारी नर्सही मंजूर करून घेतली. आणि निघायच्या दिवशी सकाळीच खालती छातीवर हात ठेवून आडव्या झाल्या. "जीव घाबरा होतोय गं पोरी… श्वास पुरत नाही…" डॉक्टरने देखरेखीसाठी थांबवून घेतलं. बोट गेली. पुढच्या बोटीच्या वेळीही तेच. तपासण्या मात्र सगळ्या चांगल्या येत होत्या. वरून फोन आला: हा काय प्रकार आहे, स्वतः बघून कळवा.

एमना बघायला गेली तो बारावीच्या निकालाचा दिवस होता. गल्लीगल्लीत लोक फोन हातात धरून बसले होते. खालतींच्या खोलीत जुन्या शेजारणींचा मेळा भरलेला. त्यातल्या सल्हाची मुलगी भिंतीला टेकून नखं खात होती. खालती उशीला टेकून क्षीण आवाजात म्हणत होत्या, "मला बोलवत नाही गं बायांनो… तुम्हीच बोला…"

सल्हाच्या मुलीचा फोन वाजला. तिने वाचलं आणि किंचाळली, "पास!"

आणि मन्नूबिया खालती पलंगावर ताठ उठून बसल्या. हात तोंडाशी गेला, जीभ फिरली, आणि आनंदाची अशी लांबलचक, खणखणीत ललकारी त्यांनी फोडली की पोर्चमधला पहारेकरी पळत आला. ती संपेचना. शेजारणींनीही सूर धरला, एकेकीचा श्वास संपून त्या गळाल्या, तरी खालतींची चालूच. शेवटी त्यांची नजर दारात उभ्या एमनावर पडली… आणि ललकारी अर्ध्यावर तुटली.

"पोरी…" त्या हळूच म्हणाल्या, "सवय गं. पोर पास झाल्यावर गप्प कसं बसायचं?"

"खालती, श्वास पुरतोय तुमचा," एमना म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"मला वाटलं, चार दिवस अजून मिळाले तर… हा मुखदुर्बळ तुला विचारेल. तीस वर्षं परमुलखात मी काही मागितलं नाही. एवढंच मागत होते."

व्हरांड्यात स्कंदर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" एमनाने विचारलं.

तो खोटं बोलला नाही. "शंका होती. विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं."

"अहो, पण सगळं रद्द झालं असतं! आईचा दवाखाना, सगळं… आणि ते मी माझ्या हाताने केलं असतं!" "डॉक्टरने देखरेखीला ठेवलं ते दिवस नियमात बसतात. उद्याचा एक दिवसही बसणार नाही. मी वर कळवतेय, रुग्ण बरा आहे, उद्याच्या बोटीने निघेल."

"म्हणजे तुम्ही मला घालवताय."

"कंपनी घालवतेय."

"आणि तुम्ही?"

खरं उत्तर एमनाच्या जिभेवर होतं, आणि जिभेला कुलूप होतं. ती जिना उतरून गेली. लिफ्टकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. घरी गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गर्दी नव्हतीच. उन्हाळ्यात सगळं मार्सेय इकडे येतं, उलटी जाणारी बोट रिकामी असते. खालती नर्सचा हात धरून ऐटीत फळी चढल्या. मार्सेयला त्यांची थोरली लेक घ्यायला येणार होती, आणि इकडे परत येताना कुठली पातेली आणायची याची यादी खालती नर्सला ऐकवत होत्या. पातेली कशाला, हे एमनाला समजेना. स्कंदर बॅग घेऊन मागोमाग आत गेला. त्याने वळून पाहिलं नाही.

भोंगा झाला. फळी उचलायला लागले. एमनाने वरच्या कचेरीला फोन लावला आणि आवाज जमेल तितका सरळ ठेवून म्हणाली, "मन्नूबिया बाईंची फाइल. रुग्ण आणि सोबतचा, दोघंही बोटीत—"

"दोघं नाही," मागून आवाज आला. "एकच."

ती वळली. स्कंदर उभा होता. बॅग आईची होती, ती बोटीवरच राहिली होती. हातात फक्त परतीचं तिकीट, आणि डाव्या कानावर ताज्या मोगऱ्याचा गुच्छ.

"फोन इकडे द्या," तो म्हणाला, आणि फोनमध्ये स्पष्ट बोलला. "मी सोबतचा प्रवासी. कंपनीने दिलेलं तिकीट मी स्वखुशीने सोडतोय. इथून पुढचं माझं राहणं, खाणं, सगळं माझ्या खिशातून. कंपनीकडे माझं काही मागणं नाही… हो, कारण? कारण आई प्रवासास योग्य आहे. मी नाही."

पलीकडून कोरडा आवाज आला, "नोंद झाली. फाइल बंद."

त्याने फोन परत दिला. एकदम त्याचं धाडस संपलं असावं, कारण तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. "दवाखान्याच्या लिफ्टचं काम मिळालंय. तीन दवाखान्यांचं. सगळ्याच अडकतात… एमना, आता विचारू?"

"नको," एमना म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. ती पुढे झाली. त्याच्या डाव्या कानावरचा मोगरा तिने अलगद काढला, टाचा उंचावल्या, आणि उजव्या कानावर खोचला.

"आता तरी कळेल ना," ती म्हणाली, "मार्सेयवाल्या तुला?"

आणि सुटलेल्या बोटीच्या वरच्या कठड्यावरून, भोंग्याच्याही वर, तीच लांबलचक, खणखणीत ललकारी धक्क्यावर आली. ती बोट वळेपर्यंत थांबली नाही.