बंद दालनातला पियानो

ते साल होतं एकोणीसशे चौसष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई, तिचा भाऊ ढापण्या आणि धाकटी पिटुकली मावशीकडे राहायला आली होती. तळ्याच्या मधोमध एक बेट, बेटावर एका जुन्या सरदाराचं उन्हाळी घर आणि भोवती गर्द झाडांची बाग. लोक होडीतून ते घर पाहायला येत. मावशी घराची देखभाल करी आणि तिथल्याच एका खोलीत राही.

दुपारी पाहुण्यांची होडी परतली, की सारं बेट पेंगू लागे. पाण्यावरचा उजेड छतावर हलत राही. आणि तेव्हाच कुलूपबंद दालनातून पियानो वाजे. टिंग... टुंग... टिंग!

"तुमचीच भाचरं वाजवतात!" व्यवस्थापक साहेब मावशीवर कडाडले. "किल्ली तुमच्याकडे असते. पुन्हा ऐकू आलं, तर नोकरीही गेली आणि खोलीही!"

मावशी दालनाचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहू लागली.

"भूत असेल का रे?" पिटुकली कुजबुजली.

"छे! इतकं बेसूर तूच वाजवतेस."

"ए ढापण्या!"

"गप्प बसा दोघं!" ताई म्हणाली. "साहेब पाहुण्यांसाठी पियानोची झाकणं उघडतात. मग लावतं कोण?"

"कुणीच नाही!" ढापण्याचे डोळे चष्म्यामागे चमकले. "आणि तळ्याच्या दमट हवेनं लाकूड फुगू नये, म्हणून दालनाच्या खिडकीची वरची झडप कायम उघडीच!"

दुसऱ्या दिवशी ताईने साहेबांना झाडाखाली सरबताला बोलावलं. मावशीने किल्ली त्यांच्याच हातात दिली. पानांच्या सावल्या गवतावर झुलत होत्या. साहेबांना डुलकी लागली, इतक्यात... टिंग!

साहेबांचं सरबत सदऱ्यावर सांडलं.

"आम्ही तर सगळे इथेच आहोत!" पिटुकली ओरडली.

साहेबांनी धावत जाऊन दार उघडलं. पियानोच्या पट्ट्यांवरून एक खार तुरुतुरु पळाली आणि त्याच्या उघड्या पोटात शिरली. तिच्या तोंडात पडद्याचे धागे होते. आत धाग्यांचं मऊ घरटं, आणि घरट्यात गुलाबी पिल्लं!

"झाकणं उघडी कुणी ठेवली, साहेब?" मावशीने हळूच विचारलं.

"मीच," साहेब ओशाळले. "चुकलो, बाई. आणि पोरांनो, शाबास! पिल्लं जाईपर्यंत पाहुण्यांसाठीही या दालनाला कुलूप!"

पुढे साहेबांची दूर बदली झाली. ढापण्या जनावरांचा डॉक्टर झाला, पिटुकली संगीत शिकवू लागली, ताई शाळेची मुख्याध्यापिका झाली. मावशीची खोली मात्र मावशीचीच राहिली. तिघांची मुलंही कितीतरी उन्हाळे तिथेच, तिच्या कुशीत झोपून मोठी झाली.