खालच्या गावाची सही

प्रशिक्षण केंद्रात पहिल्या दिवशी हजेरी घेताना कुणीतरी तिला 'मोजणीबाई' म्हणालं आणि तेच नाव पडलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. गेली अकरा वर्षं ती तेच तर करत होती. रोज सकाळी आठला पुलाखालच्या खांबावरची नदीची पातळी वाचायची, वहीत लिहायची, कार्यालयात फोन करून कळवायची. नोकरी मात्र अजून हंगामी होती. हे दहा दिवस पार पडून प्रमाणपत्र हातात आलं की ती कायम होणार होती. निघताना नवरा बॅग उचलून देत म्हणाला होता, "दहा दिवस गपगुमान ऐकून घे. तुझा स्वभाव मला माहीत आहे."

केंद्राची इमारत दुमजली होती. सकाळी वरच्या वर्गात पाणीतंट्यांचे पाठ चालत. भांडणाऱ्यांना कुठे बसवावं, कोणाला आधी बोलू द्यावं, कागद कसा करावा. दुपारी मोजमाप. इमारतीच्या मागे वाळक्या हिरवळीच्या कडेला निरीक्षणाची बोअर होती. जमिनीतून गुडघाभर वर आलेला चार बोटं रुंद लोखंडी पाइप, त्यावर झाकण, झाकणाला कुलूप. त्यातलं पाणी कोणी उपसत नसे. जमिनीखाली ते किती खोल आहे एवढंच बघायचं. टेप आत सोडायची, टोक पाण्याला लागलं की ती वाजते, आकडा वाचायचा. चार दिवस आकडा एकच आला, अकरा मीटर चाळीस. बाकीचे कंटाळले आणि ते काम आपोआप मोजणीबाईच्या गळ्यात पडलं.

पाचव्या दिवशी सरांनी वाटाघाटींचा सराव सुरू केला. सर म्हणजे पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, मऊ बोलणारे, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. त्यांनी फायली वाटल्या. एक नदी, तिच्यावर वरचं गाव, मधलं शहर आणि खालचं गाव. वर्गात तेरा जण होते. सहा जण वरचं गाव झाले, सहा शहर. उरली मोजणीबाई.

"खालच्या गावाला एक माणूस पुष्कळ झाला," शहराच्या बाजूने बसलेला कालवा-निरीक्षक म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

त्या दिवशी तिने शहाण्यासारखं वागून खालच्या गावाच्या पाण्यातला चौथा हिस्सा सोडला आणि सही केली. सरांनी तिचं कौतुक केलं. दुपारी बोअर मोजली तर बारा मीटर नव्वद.

तिने टेप पुसून पुन्हा सोडली. बारा नव्वद.

माळ्याला विचारलं, जवळपास कोणी पंप लावला का. माळी म्हणाला, "इथे दोन कोसात पंप नाही, बाई." तिने आकडा वहीत लिहिला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. अकरा वर्षांत तिने वहीत प्रश्नचिन्ह काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शहराने उन्हाळ्याची पाळी मागितली. म्हणजे चार महिने खालच्या गावाला नदी बंद. कालवा-निरीक्षक बोलायला चतुर होता आणि जेवणाची वेळ होत आली होती. तिने दुसरी सही केली.

दुपारी टेप वाजली तेव्हा आकडा होता पंधरा मीटर वीस. आणि टेप वर घेण्याआधी तिला खालून आवाज आला.

तिने पाइपला कान लावला. उन्हाने लोखंड तापलं होतं. खूप खोल, भांडं दगडावर घासत होतं. एक घासलं, थांबलं, मग दुसरं. विहिरीचं पाणी तळाला गेलं की कळशी अशी घासते. त्या पाइपातून तांब्यादेखील उतरला नसता. मग माणसं बोलताना ऐकू आली. शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. रांगेत उभ्या असलेल्या, दमलेल्या बायका हळू बोलतात तो. भांडण नव्हतं. त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

तिने सरांना गाठलं. ते म्हणाले, "पाइप कुठलाही आवाज कुठून कुठे नेतो. मनावर घेऊ नका."

"सर, हे खालचं गाव कुठलं?"

"कुठलंच नाही. एका रविवारी घरी बसून रचलंय मी. घरं, माणसं, गुरं, सगळं मनाचं."

"विहिरी किती रचल्यात?"

"एक."

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. तो थट्टा करेल असं तिला वाटलं होतं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या शेवटची सही ना? करून टाक आणि घरी ये. कागदावरचं गाव आहे ते."

"तेव्हाही कागदावरचाच आकडा होता," ती म्हणाली.

सात वर्षांपूर्वी साहेबांच्या सांगण्यावरून तिने नदीची पातळी अर्धा फूट चढवून लिहिली होती. खाली पाणी पुष्कळ आहे असं त्या आकड्यावरून ठरलं आणि वरच्या धरणाचे दरवाजे महिनाभर बंद राहिले. खालच्या वस्त्या एकेक करून उठून गेल्या. ही गोष्ट त्या दोघांपलीकडे कोणालाच माहीत नव्हती.

"मग कर तुला वाटेल ते," नवरा शेवटी म्हणाला. "हंगामी तर हंगामी."

सातव्या दिवशी टेबलावर शेवटचा कागद आला. खालच्या गावाने नदीवरचा हक्क कायमचा सोडावा आणि दुसरीकडे राहायला जावं. फाइलीत त्यावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अपेक्षित उत्तर'.

तिने कागद दोनदा वाचला आणि शहराकडे सरकवला. "खालचं गाव सही करणार नाही."

"बाई, जेवायचं आहे," कालवा-निरीक्षक म्हणाला.

"जेवा की. मी इथे बसते."

सर समजावायला जवळ आले. "हा सराव आहे. तिन्ही सह्या झाल्या नाहीत तर सराव अपुरा. आणि सराव अपुरा तर प्रमाणपत्र नाही. तुम्हाला त्याची गरज आहे असं ऐकलंय मी."

"आहे."

"मग?"

"नका देऊ प्रमाणपत्र." तिने सरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि आधीचे दोन्ही कागद पुढ्यात ओढले. "या दोन सह्याही मी मागे घेते."

"वाटाघाटीत दिलेला शब्द असा मागे घेता येत नाही."

"दिला कोणी? मी दिला. त्यांना विचारलं होतं का?"

कोणी हसलं नाही. तिने दोन्ही सह्या आडव्या रेघेने खोडल्या, खाली तारीख टाकली आणि पेन परत दिलं.

दुपारी सर तिच्याबरोबर बोअरपाशी आले. कुलूप त्यांनी स्वतः काढलं.

टेप वाजली. अकरा मीटर चाळीस.

सरांनी पाइपला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. उठले तेव्हा गालावर लोखंडाचा लाल वळ होता.

"काय ऐकलंत?" तिने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले आणि झाकण लावू लागले. कुलूप काही केल्या लागेना, तेव्हा तिने लावलं.

दहाव्या दिवशी बारा जणांना प्रमाणपत्रं मिळाली आणि तिला हजेरीचं पत्र. तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी आठला पुलाखाली हजर झाली. महिन्याभरात साहेबांनी पुन्हा एकदा आकडा 'जरा जुळवून' मागितला. ती म्हणाली, "खांब तिथे उभा आहे, साहेब. तुम्ही येऊन वाचा आणि तुमच्या अक्षरात लिहा." साहेब आले नाहीत. तिची बदली आडबाजूच्या नाल्यावर झाली. तिने तिथली पातळी लिहायला घेतली.

चौथ्या महिन्यात, भर दुपारी, सरांचा फोन आला.

"नवी तुकडी आहे," ते म्हणाले. आवाज मऊच होता, पण श्वास लागला होता. "खालच्या गावाचं काम एका तरुण अधिकाऱ्याला दिलं. त्याने सकाळी अर्ध्या तासात तिन्ही सह्या केल्या. आत्ता बोअर मोजायला आलोय."

"किती आला आकडा?"

"टेप वाजतच नाहीये. बोअर चाळीस मीटरची आहे. टेप शंभराची. ती संपत आली."

मोजणीबाई उभी राहिली. "वर घ्या ती."

"दोघं मिळून घेतोय. येत नाही."

"सर, आधी कागद मागवा. त्याला सह्या खोडायला सांगा. आत्ता, तिथेच."

"सांगितलं. त्याचे हात मोकळे नाहीत. मनगटाला टेपचा वेढा बसलाय."

"मग तुम्ही खोडा. तुमचं गाव आहे ते."

पलीकडे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला. कोणीतरी धावत कागद आणत होतं. मग सर अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं बोलले.

"खालून ओढतायत. हिसका नाही काही. एका हातावर दुसरा हात, सावकाश. आपण पोहरा शेंदतो ना, तसं."