चौथ्या बंदरावरचे तीन तास

"कासवं खरंच दिसतात का हो?"

मी जहाजाच्या डेकवर कठड्याला टेकून चहा पीत होते. पाऊस नुसता भुरभुरत होता. ड्युटीला अर्धा तास होता, गणवेश अजून अंगावर चढला नव्हता. शेजारच्या माणसाच्या हातात सहलींचं पत्रक होतं आणि चष्म्याच्या काचांवर थेंब.

"खरं सांगू?" मी म्हणाले. "दोन तास बोटीत बसवून ठेवतात. दिसली तर दिसली. त्यापेक्षा बाजारात हिंडा."

साडेनऊला मी सहलींच्या काउंटरवर बसले, तर रांगेत पहिला तोच. त्याने माझा बिल्ला नीट वाचला.

"म्हणजे कासवांची तिकिटं तुम्हीच विकता."

"हळू बोला. नोकरी जाईल माझी."

तो हसला, आणि मला उगीचच समोरचे कागद सारखे करावेसे वाटले.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. आईला आणि मावशीला घेऊन तो आठ दिवसांच्या या सफरीवर आला होता. आईला सगळं बघायचं होतं आणि मावशीला कुठेच चालायचं नव्हतं... गुडघे. दोघींची मोट बांधता बांधता बिचारा टेकीला आला होता. मग आम्ही दोघं नकाशा पसरून बसायचो. कुठल्या बसची पायरी बुटकी, धबधब्याच्या वाटेवर बाक कुठे, सावली कुठे... सगळं मी त्याला लिहून द्यायचे.

"मावशीच्या गुडघ्यांची तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त काळजी."

"फक्त गुडघ्यांचीच आहे," मी नकाशातून मान वर न करता म्हणाले.

"अरेरे."

संध्याकाळी तो दिवसभराचा वृत्तांत द्यायला यायचा. एकदा मावशीच आल्या, काठी टेकत.

"पोरी, पायरी बुटकी होती हं. आणि एक सांगू? आमचा हा भाजी आणायला दोनदा सांगावं लागतं असला माणूस. तुझ्याकडे मात्र दिवसातून चारदा येतो. नकाशा एवढा अवघड आहे का गं?"

मी घाईनं नकाशाची घडी घातली. कान मात्र तापले.

पाचव्या दिवशी तो आला तेव्हा काउंटरवर दुसरं कुणी नव्हतं.

"उद्या चौथं बंदर. त्या दोघी काचेच्या तळाच्या बोटीत बसणार आहेत. मला वेगळी सहल हवीय... दोघांची."

"दुसरं कोण?"

"तिला अजून विचारलं नाही. तिला सुट्टी कधी असते, ते माहीत नाही."

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"उद्या दहा ते एक," मी म्हणाले.

ती सहल मी मन लावून आखली. धक्क्यापासून दीपगृह, त्याच्या मागच्या पायवाटेनं खाली, आणि मग खाडी, जिथे गोड्या पाण्याचा ओढा समुद्राला मिळतो. तीन वर्षं मी लोकांना त्या खाडीचं वर्णन ऐकवत होते. स्वतः कधी पाय ठेवला नव्हता.

सकाळी केस विंचरताना समोरच्या पलंगावर माझी सोबतीण झोपली होती. जहाजावरच्या दवाखान्यातली नर्स. गेल्या वर्षी एका प्रवाशानं तिला असाच जीव लावला होता. उतरताना पत्ता दिला, आणि नंतर तिच्या एकाही पत्राला उत्तर नाही. कित्येक महिने ती धड जेवली नव्हती. मी समोर बसून तिला घास घ्यायला लावायचे.

हाही परवा उतरणार होता. मग पुढे?

मी चिठ्ठी लिहिली. "अचानक ड्युटी लागली. माफ करा." ती त्याच्या केबिनच्या दाराखालून आत सरकवली आणि खोलीत परत येऊन धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. घड्या झालेल्या कपड्यांच्याही.

दुपारी तो काउंटरवर आला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"चिठ्ठी वाचून मी इथे आलो होतो. म्हटलं, ड्युटी तर ड्युटी, इथेच बसू गप्पा मारत. तुमचे साहेब म्हणाले, बाईंना सुट्टी आहे."

मी नकाशाकडे बघत राहिले.

"नुसतं नको म्हणाला असतात तरी चाललं असतं हो..."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नकाशा मी चारदा उघडला आणि मिटला.

शेवटच्या सकाळी मी उतरणाऱ्यांचे पास तपासायला जिन्यापाशी उभी होते. आई आणि मावशी पुढे गेल्या. मावशींनी जाताना माझ्या हातावर हात ठेवला. मग तो आला.

"मला यायचं होतं," मी पटकन म्हणाले. आता नाही तर कधीच नाही, हे कळत होतं. "तयारही झाले होते. तुम्ही... तुम्ही मला फार आवडलात. म्हणूनच घाबरले."

तो थांबला. हात खिशाकडे गेला, आणि तिथेच राहिला.

"मला वाटलं, मीच काहीतरी भलतं समजलो," तो म्हणाला. "पत्ता लिहून आणला होता त्या दिवशी. खाडीवर देणार होतो."

"आता द्या."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आता दिला, तर तुम्ही पुन्हा घाबराल. आणि मी रोज टपालाची वाट बघेन. मला नाही झेपणार ते."

मागच्या बाईंनी आपली बॅग पुढे ढकलली. मी त्याचा पास परत दिला. तो उतरून गेला. खाली पोचल्यावर त्याने एकदा वर पाहिलं, हात मात्र केला नाही.

पुढच्या फेरीत चौथ्या बंदरावर मी सुट्टी मागून घेतली. दीपगृह, पायवाट, ओढा... सगळं मी सांगायचे तसंच होतं. चपला हातात घेऊन थोडा वेळ पाण्यात उभी राहिले. मग अकराच्या आतच जहाजावर परत आले. दोघांसाठी आखलेला वेळ एकटीला संपता संपेना.