बिनव्याजी

टोपण हरवलेलं एक निळं पेन.

श्रीवर्धनच्या एस.टी. स्टँडवरची मुतारी. तिला दरवर्षी नवा चुना लागतो. पैसे कोण देतं, ते गावात दोघा-तिघांनाच माहीत.

सात पूर्णांक सहा.

'अभिनंदन! तुमची पन्नास टक्के शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे.'

आगरदांड्याहून दिघीला सुटलेली दुपारची फेरीबोट. तिच्यावर दोन टेम्पो, नवरानवरीची एक सजवलेली गाडी, आणि मागच्या सीटला खोका बांधलेली मोटरसायकल.

त्या खोक्यावर मिस्बाहची नजर गेली आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खोक्यावर तिच्याच विद्यापीठाचं नाव होतं. आत माहितीपत्रकं असणार. गुळगुळीत कागदाची, हसऱ्या मुलींची.

मोटरसायकलवाला कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होता. वाऱ्याने त्याचा शर्ट फुगत होता. तोच हा. जुलैत श्रीवर्धनच्या हॉलमध्ये प्रवेशाचा कॅम्प लागला, तेव्हा टेबलामागे बसलेला. म्हसळ्याचा रेहान, त्याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला.

तो वळला. क्षणभर थबकला... आणि हसला. ते हसू अजून तसंच होतं, याचाही तिला राग आला.

"श्रीवर्धन! पंख्याखालची खुर्ची, पिवळा दुपट्टा – बरोबर ना?"

"वा! दुपट्टा लक्षात आहे. आणखी काय लक्षात आहे?"

"सगळंच."

"मग कलम अकरा म्हणून दाखव."

"कसलं कलम?" त्याला वाटलं थट्टा चाललीय. "भेटल्या भेटल्या परीक्षा? आधी चहा तरी –"

तिने बॅगेतून पाकीट काढून त्याच्या छातीवर दाबलं. "वाच. मोठ्याने."

कागद इंग्रजीत होता. तो अडखळत मराठीत सांगू लागला. "श्रेणीगुण आठच्या खाली गेले तर... शिष्यवृत्ती रद्द. आणि विद्यापीठ जे व्याज भरत होतं ते... ते कर्जदाराने... पहिल्या दिवसापासून... चौदा टक्के..."

तीच ओळ तो मनात पुन्हा वाचू लागला.

"थांबलास का? कर्जदार म्हणजे मी. माझे आले सात पूर्णांक सहा. तू काय म्हणाला होतास? 'बिनव्याजी हप्ते, चाचा. एक पैसा सूद नाही.' तीनदा म्हणालास. हप्ते नव्हतेच ते, फायनान्स कंपनीचं कर्ज होतं!"

"मला असंच शिकवलं होतं बोलायला..."

"पोपट आहेस?"

"तिकीट काढलंस का गो पोरी, की न्हाय?" तिकीटवाला तुळशीराम मध्येच येऊन उभा राहिला. "भांडण सावकाश करा. दिघी यायला अजून टाइम हाय."

रेहानने दोघांचे पैसे काढले. तिने त्याचा हात बाजूला सारला आणि स्वतःचे दिले. तुळशीराम गालात हसत पुढे गेला.

"कॅम्पमध्ये बसायचे तुला काय देतात?" तिने विचारलं.

तो कागद पाकिटात घालू लागला.

"बोल ना!"

"एका प्रवेशामागे माझ्या फीतून दोन हजार कमी होतात."

"म्हणजे मी दोन हजारांची." ती हसली, ते हसणं ऐकून लग्नाच्या गाडीचा ड्रायव्हरही वळून बघायला लागला. "माशाच्या लिलावातसुद्धा माल उलटून बघतात रे."

"आणि ती पन्नास टक्के..." तो पाण्याकडे बघत पुटपुटला, "तेही ऐकून घे. फी आधीच दुप्पट छापतात. मग निम्मी माफ करतात. हे मला माहीत होतं. कलम अकरा – कसम, नव्हतं माहीत. माझ्याही फॉर्मात तेच असेल."

"तुझे किती आले?"

"आठ पूर्णांक एक. यंदा कॅम्पांमुळे तासच बुडालेत..."

तिला वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

मुरूडला खालाकडे, मावशीकडे, दोन दिवस राहून तिने धीर गोळा केला होता, तो एकाच गोष्टीसाठी. अब्बांना सांगायचं होतं. अब्बा, म्हणजे हमदुल्ला, मस्कतला एकोणीस वर्षं राबले. बँकेत खात्यावर पडलेलं व्याज हराम म्हणून त्यांनी कधी घरात आणलं नाही. दरवर्षी मोजून काढून स्टँडवरच्या मुतारीच्या चुन्याला देऊन टाकलं. ते व्याज घेत नव्हते, तिथे पोरीने व्याज द्यायच्या कागदावर सही केली होती. खाली त्यांचीही घेतली होती. सगळं माहीत असून पोरीने आपल्याला फसवलं असं त्यांना वाटलं तर? शिक्षण सुटलं तर ती सोसेल. ती नजर नाही सोसायची.

"मी येतो," रेहान एकदम म्हणाला. "बिनव्याजी मी म्हणालो होतो, तू नाही. मीच सांगतो त्यांना."

"कॅम्प आहे ना तुझा?"

"होता."

दिघीला ती मिनीडोअरच्या शेअर रिक्षात बसली. श्रीवर्धनपर्यंत मागच्या काचेतून ती मोटरसायकल दिसत राहिली. प्रत्येक वळणाला वाटे, आता सटकेल. सटकला नाही. तिने सतरा वळणं मोजली, मग मोजणं सोडलं.

अंगणात सुपारी वाळत होती. अब्बा पायाने ती परतत होते, अम्मी, म्हणजे आबिदा, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. रेहानने सलाम केला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, दोन हजारही नाहीत.

अब्बांचा पाय थांबला. "तू वाचला होतास तो कागद?"

"नाही, चाचा."

"मग तोंड कसं उघडलंस?"

अब्बा मिस्बाहकडे वळले. तिने डोळे खाली घातले नाहीत.

"इतकी वर्षं मुतारीला दिलं," अब्बा हळूच म्हणाले, "आता विद्यापीठाला द्यायचं?" आणि एक सुपारी उचलून त्यांनी कुंपणापार भिरकावली. तो राग तिच्यावर नव्हता.

"नाही द्यायचं, अब्बा. सोमवारी मी वर्गात जाऊन बसणार आहे, आणि अलिबागला ग्राहक मंचात तक्रारही करणार आहे. हा लिहून देईल. सोळा जुलैला हॉलमध्ये काय बोलला, ते शब्दाला शब्द."

"माझी सवलत जाईल," रेहान म्हणाला. नुसतं सांगितल्यासारखं.

"जाईल."

"कागद दे."

अम्मी चहा टाकायला आत गेली, अब्बा कुंपणापलीकडे सुपारी शोधायला. पायरीवर दोघंच उरली. मिस्बाहने बॅगेतून टोपण नसलेलं निळं पेन काढून दिलं. जरा जोरातच दिलं. रागाने... मुख्यतः रागाने.

"एक सांगू? मी बारावीला पहिली आले होते. पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. तो फॉर्म नाही वाचला. कारण... मी तुला बघत होते."

रेहानची मान वर झाली.

"तुझ्यावर राग आहे तो निम्मा. निम्मा माझ्या त्या बघण्याचा आहे."

"मिस्बाह... मी त्या दिवशी सगळ्यांना पाच-पाच मिनिटं दिली. तुला अर्धा तास समजावत होतो."

"चुकीचं!"

"चुकीचं. पण अर्धा तास."

तिला हसू आलं. ते तिने दाताखाली धरलं. "आता बघत बसू नकोस. लिही. आणि सही करण्याआधी वाच."

तो लिहू लागला. ती शेजारी, एक वीत अंतर ठेवून, प्रत्येक ओळ वाचत राहिली.

जुलैत त्या हॉलमध्ये चौसष्ट जणांनी सह्या केल्या. पेन एकच होतं, निळं, ते हातोहात फिरलं आणि शेवटी मिस्बाहकडे राहिलं.