दोन सीटची गाडी

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय.

आणि जिच्या बाबतीत घडलंय ती माझी सख्खी मावशी आहे. जुन्या, दुर्मिळ गाड्यांची किंमत ठरवणं हे तिचं काम. पत्र्याला चुंबक लावून रंगाखाली पुट्टी भरलीय का ते ओळखायचं, विकणाऱ्याच्या थापा ऐकून घ्यायच्या आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता भाव सांगायचा. उभा जन्म दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात गेला. ती कशाला थाप मारेल?

हिवाळ्यातला शनिवार होता. दुपार कलली होती.

मावशीला खरं तर जायचंच नव्हतं. गुडघे कुरकुरत होते. शिवाय त्या कामाचाच तिला वीट आला होता. गाडीबद्दल बोलताना पुरुषांचा आवाज कसा हळवा होतो... बायकोबद्दल बोलताना कधी न झालेला... ते ऐकून ऐकून ती दमली होती.

पण ही गाडी तशी कुठे बघायला मिळत नाही. उघड्या टपाची, बुटकी, लांब नाकाची. कारखान्याने थोड्याच काढल्या आणि बंद केल्या. शौकीन लोक तिच्यावर जीव टाकायचे ते रूपासाठी नाही, आवाजासाठी. खर्जातला, जरासा घोगरा. तो एकदा कानात बसला की माणूस कामातून गेला, असं म्हणायचे.

गल्लीतलं शेवटचं घर. शेजारी गॅरेज.

दार काकूंनी उघडलं. गाडीची मालकीण. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आवाजात जीव नाही.

"या ताई. ती बघा आणि घेऊनच जा. मी लेकीकडे राहायला चाललेय. मला झोप हवीय हो, दुसरं काही नको."

शटर वर गेलं. एवढी थकलेली मावशी, पण तिचाही श्वास क्षणभर अडकला. कुठे ओरखडा नाही. मूळ रंग, मूळ काच.

तिने बॉनेट उचललं.

आत... काहीच नव्हतं.

"काकू, इंजिन कुठाय?"

"तिकडे." कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. "मीच मेकॅनिकला बोलावून काढायला लावलं."

"अहो, असं का केलंत?"

"कळेल. दिवस मावळू दे."

एकटेपणाने बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, मावशीला वाटलं. ती चासीचा नंबर वाचायला वाकली. भिंतीवरची उन्हाची तिरीप हळूहळू विझली.

आणि मग...

गल्लीच्या टोकाकडून घरघर ऐकू आली.

खर्जातली. जराशी घोगरी.

आवाज जवळ आला. वळणावर गिअर पडला. मावशीने वळून पाहिलं.

रस्ता रिकामा होता.

आवाज फाटकातून आत आला, तिच्या अंगावरून गेला आणि गाडी उभी होती तिथे येऊन थांबला. बॉनेट उघडंच होतं. आत सिमेंटची जमीन दिसत होती. आणि त्या रिकाम्या पोकळीतून... इंजिन धडधडत होतं.

मग ते बंद झालं. दार लागल्याचा आवाज आला. दार मात्र हललंही नव्हतं.

"रोजचं आहे," काकू जांभई देत म्हणाल्या. "ते गेल्यापासून. दिवेलागणीला फिरून यायचे ना."

गाडी शेवटी एका दातांच्या डॉक्टरांनी घेतली. मावशीने त्यांना सगळं खरं सांगितलं. डॉक्टर गडगडाटी हसले. "दुसऱ्यांचे दात काढत आलोय, आज तुम्ही माझे काढलेत! भूत सोबत येत असेल तर घेतलीच समजा."

काकूंनी निरोपही घेतला नाही. गाडी आणि इंजिन घेऊन ट्रक गल्लीबाहेर पडला तसं शटर ओढून घेतलं.

काही दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. हसण्याचं नाव नाही.

"मॅडम, इंजिन बसवलं. सुरू होतंय. चाकं फिरतायत, धूर येतोय, गाडी मस्त पळतेय."

"मग बिघडलं कुठे?"

"आवाज... येत नाहीये."

"सायलेन्सर बघा."

"अहो, काढून टाकला! बॉनेटला कान लावून बसलोय. हॉर्न वाजतो, दारं वाजतात. इंजिन मुकं. मी ज्यासाठी घेतली तेच नाही हिच्यात."

मावशीने फोन ठेवला. आवाज कुठे राहिला असेल ते तिला कळलं होतं.

त्याच संध्याकाळी ती काकूंकडे गेली. घरात बॅगा बांधून ठेवल्या होत्या, पण काकू निघाल्या नव्हत्या. रिकाम्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"गाडी गेली ताई. हे गेलं नाही."

मावशी दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसली. दोघी दमलेल्या.

अंधारून आलं... घरघर आली. गल्लीतून, फाटकातून, आत. त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली. बंद झाली.

एक दार लागलं.

आणि मग...

दुसरं.

काकूंनी मावशीचं मनगट घट्ट धरलं. हात बर्फासारखा गार.

"दोन दारं वाजली ना?"

"हो."

"ते नेहमी एकटेच येतात."

मग काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला त्या शेजारच्या सीटवर कधी बसू दिलं नाही त्यांनी. चामडं अस्सल आहे, सुरकुती पडली तर मोल उतरेल म्हणायचे. मी फाटकात उभी राहून बघायची." "मग आत्ता उतरली ती कोण?"

मावशीने बाहेर पडल्या पडल्या आधी डॉक्टरांना फोन लावला. ते दवाखान्यात होते, पेशंटच्या तोंडात हात घालून. जिवंत, धडधाकट. म्हणजे उतरले ते डॉक्टर नव्हते.

काकू लेकीकडे गेल्या नाहीत. बॅगा सोडल्या. "कोण ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही," म्हणाल्या.

मावशी त्यांची चौकशी करायची, ती सकाळी. संध्याकाळी फोन केला तो एकदाच.

पलीकडून उचलला गेला. आधी नुसता वारा... मग घरघर. आणि काकूंचा आवाज. ओरडून बोलल्यासारखा, मध्येच तुटणारा. उघड्या गाडीत बसलेला माणूस बोलतो तसा.

"ताई... नंतर बोलू... काही ऐकू येत नाहीये!"

काकू हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशीने पुन्हा लावला. काकू घरीच होत्या. "काल? काल मला खुर्चीतच झोप लागली हो. इतकी गाढ, कित्येक महिन्यांत लागली नव्हती. फोन वाजलाच नाही."

मी मावशीला म्हटलं, म्हणजे त्या सीटवर काकूच होत्या तर. त्या संध्याकाळी उतरल्या त्याही काकूच.

मावशीने स्वतःचं मनगट चोळलं.

"कसं शक्य आहे रे?" ती म्हणाली. "दुसरं दार लागलं तेव्हा त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या..."